टिळकवाडीतले शनिवारचे जुने इंग्रजी पिक्चर, आठ आठवडे जाऊन आल्यावर

आधीच सांगते, हे थेटर नाही. बेळगावच्या टिळकवाडीत एका जुन्या कौलारू घराच्या माडीवर एक रिटायर्ड सर दर शनिवारी संध्याकाळी पिक्चर दाखवतात. पांढरा पडदा, एक प्रोजेक्टर, दोन स्पीकर, तीसेक प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि पुढे सतरंजी. घराचं नाव, नंबर इथे टाकत नाही कारण सरांनीच नको म्हटलंय, जागा कमी आहे आणि खाली त्यांच्या वयस्कर आई राहतात, गर्दी झाली की त्यांना त्रास होतो. ओळखीतून विचाराल तर कळेल. आठ शनिवारचे चारशे रुपये, एकच दिवस जायचं असेल तर साठ, त्यात चहा आणि गिरमिट येतं आणि गिरमिट खरंच चांगलं असतं, कांदा वरून ताजा घालतात.

ह्या वेळची मालिका होती जुन्या हॉलिवूडची, १९३९ ते १९६७. मी गेले ते बाबांमुळे. बाबा आता सत्याहत्तरचे, तरुणपणी कॅम्पातल्या टॉकीजला इंग्रजी पिक्चर बघायला सायकलवरून जायचे, भाषा अर्धीमुर्धी कळायची पण काऊबॉय, घोडे, बंदुका सगळं अजून तोंडपाठ. मला वाटलं त्यांना तेवढाच विरंगुळा, मी आपली सोबत म्हणून. पण पहिल्याच शनिवारी सर पुढे उभे राहून दहा मिनिटं बोलले आणि शेवटी म्हणाले, पडद्यावर कोण कुणाचं काम करतंय ते बघा, आणि ज्याचं काम आहे तो माणूस त्या वेळी कुठे बसला होता ते पण लक्षात ठेवा. मला ते वाक्य आठही शनिवार पुरलं.

पहिला पिक्चर गॉन विथ द विंड. जवळजवळ चार तासांचा, म्हणून चारलाच सुरू केला, मध्ये मोठं इंटरव्हल. सुरू करायच्या आधी सरांनी एका टेबलाची गोष्ट सांगितली. २९ फेब्रुवारी १९४०, लॉस एंजेलिसच्या अँबॅसेडर हॉटेलात ऑस्करचा समारंभ, आणि ह्या पिक्चरमध्ये मॅमीचं, म्हणजे घरातल्या काळ्या दाईचं काम केलेल्या हॅटी मॅक्डॅनियलला सहाय्यक अभिनेत्रीचं ऑस्कर. काळ्या माणसाला मिळालेलं पहिलं ऑस्कर ते. पण हॉटेलात काळ्या लोकांना प्रवेशच नव्हता, निर्माता सेल्झनिकला तिच्यासाठी शब्द टाकून परवानगी काढावी लागली, आणि मग तिला पिक्चरच्या बाकीच्या नटनट्यांबरोबर न बसवता बाजूला भिंतीकडच्या एका छोट्या टेबलावर बसवलं. तिथून उठून ती बक्षीस घ्यायला गेली. त्याच्या आधी डिसेंबर १९३९ ला अटलांटात पिक्चरचा मोठा प्रीमियर झाला त्याला तर ती जाऊच शकली नाही कारण जॉर्जियात तेव्हा काळे-गोरे वेगळे ठेवायचा कायदा. १९५२ ला ती वारली, तिची इच्छा होती हॉलिवूडच्या स्मशानभूमीत पुरावं, तिथेही जागा दिली नाही. तिच्यानंतर अभिनयाचं ऑस्कर दुसऱ्या काळ्या बाईला मिळालं ते १९९१ च्या समारंभात, व्हूपी गोल्डबर्गला. मध्ये एक्कावन्न वर्षं गेली.

हे ऐकून मग पिक्चर बघितला तर माझं लक्ष त्या नायिकेच्या झग्यांवर लागेचना, मी सारखी मॅमीच बघत होते. आणि खरं सांगते, ती बाई जिथे जिथे येते तिथे बाकीचे सगळे फिके पडतात. पण त्याच वेळी हे पण दिसतं की पिक्चर गुलामगिरीला एक गोड जुना जमाना करून दाखवतो, सगळे नोकर मालकावर जीव टाकणारे. चर्चेत एक कॉलेजची मुलगी म्हणाली की हॅटीने असली कामं घ्यायलाच नको होती, आणि ते तेव्हा तिच्या स्वतःच्या समाजातले लोकसुद्धा म्हणत होते, सरांनी सांगितलं. त्यावर शहापूरच्या एक मावशी, ज्या चार घरी स्वयंपाकाला जातात आणि सरांकडेही येतात, त्या मागून म्हणाल्या, "मालकिणीला असं तोंडावर बोल्लेलं कुठली मालकीण ऐकून घेती व्हय? मी एकदा बोल्ले तर दुसऱ्या दिवशी काम गेलं." मला वाटतं त्या चार तासांच्या पिक्चरबद्दल इतकं नेमकं मी कुठेच वाचलेलं नाही. पडद्यावरची दाई मालकिणीला झापते आणि मालकिणीचं त्यात काहीच जात नाही, म्हणून प्रेक्षकाला ते गोड वाटतं.

दुसऱ्या शनिवारी पोरं पण आली कारण जंगल बुक होता, १९४२ चा, कार्टूनचा नव्हे, साबूचा. साबू म्हणजे आपल्याच कर्नाटकातला पोरगा हे मला माहीतच नव्हतं. १९२४ ला म्हैसूर संस्थानातल्या कारापूरला जन्म, बाप माहूत, हत्तीच्या पायाशी वाढलेला. रॉबर्ट फ्लाहर्टी हे अमेरिकन दिग्दर्शक एलिफंट बॉय नावाच्या पिक्चरसाठी पोरगा शोधत आले आणि त्यांना हा सापडला, १९३७ ला पिक्चर आला, तिथून लंडन आणि तिथून अमेरिका. पडद्यावर तो आल्या आल्या आमच्या शेजारच्या खुर्चीवरचे कानडी आजोबा मोठ्याने "नम्म हुडुग" म्हणाले आणि सगळे हसले, आपलाच पोरगा म्हणून.

पण मग बघत गेलं तर त्या जंगलात तो एकटाच. मोगलीची आई कोण, तर रोझमेरी डीकँप नावाची अमेरिकन नटी, रंग लावलेली. बुलदेव शिकारी कोण, तर जोसेफ कॅलेया, माल्टाचा. जंगल सुद्धा कॅलिफोर्नियातलं. सहावी-सातवीतला एक पोरगा चर्चेत म्हणाला, "सर, त्याची आई त्याच्यासारखी दिसत नाही." तेवढंच. सर म्हणाले बरोबर बघितलंस. साबू पुढे १९४४ ला अमेरिकेचा नागरिक झाला, महायुद्धात बॉम्बफेकी विमानाच्या शेपटीतल्या बंदुकीवर बसून लढला, शौर्यपदक मिळवलं, पण परत आल्यावर हॉलिवूडने त्याला जंगल, हत्ती, राजवाडा ह्यातून फारसं बाहेर येऊ दिलं नाही. १९६३ ला वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी हार्ट ॲटॅकने गेला. बाबांनी घरी येताना रिक्षात दोनदा विचारलं, एकोणचाळीस म्हणाले ना ते?

तिसरा द गुड अर्थ, १९३७ चा, चीनमधल्या शेतकऱ्याची गोष्ट. हा मालिकेतल्या सालाच्या जरा आधीचा पण सरांनी मुद्दाम घातला. पिक्चर म्हणून मला जड गेला, टोळधाडीचा सीन सोडला तर. पण गोष्ट त्याच्या बाहेरची आहे. ॲना मे वाँग ही लॉस एंजेलिसमध्येच १९०५ ला जन्मलेली चिनी वंशाची नटी, बाप लाँड्रीवाला, तेव्हा जगभर नाव झालेलं. तिला त्या शेतकऱ्याच्या बायकोचं काम हवं होतं. पण शेतकरी झाला गोरा नट पॉल म्युनी, चेहरा रंगवून, आणि हॉलिवूडची जी नियमावली १९३४ पासून कडक लावली जात होती तिच्यात दोन वर्णांच्या माणसांचे संबंध दाखवायचे नाहीत असं कलम. कलमात शब्द काळे-गोरे असेच होते पण स्टुडिओवाले ते सगळ्याच रंगांना लावायचे. म्हणजे नवरा खोटा चिनी तर बायको खरी चिनी चालत नाही! काम गेलं लुईझ रायनरला आणि तिला त्याच्यावर ऑस्कर मिळालं. वाँगला म्हणे दुसरी, म्हणजे मोहात पाडणाऱ्या बाईची भूमिका देत होते, तिने नाही म्हणून सांगितलं. सरांनी पिक्चरनंतर तिचा एक फोटो पडद्यावर लावून ठेवला, चहा पिताना सगळे तिकडे बघत होते.

आता चौथा शनिवार, ज्याच्यासाठी मी हा रिव्ह्यू लिहायला बसले.

भवानी जंक्शन, १९५६. स्वातंत्र्याच्या आधीचा काळ, रेल्वेचं गाव, आणि नायिका व्हिक्टोरिया जोन्स ही अँग्लो-इंडियन, म्हणजे इंग्रज आणि हिंदुस्थानी अशा मिश्र वंशाची. इंग्रज चालले, आता आपलं काय, आपण कुणाचे, ह्या घोरात ती. एकीकडे अँग्लो-इंडियन मित्र, एकीकडे रणजीत नावाचा शीख, एकीकडे इंग्रज कर्नल. काम कुणी केलं तर अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिनातल्या अ‍ॅव्हा गार्डनरने, आणि रणजीत झालाय फ्रान्सिस मॅथ्यूज नावाचा इंग्रज. शूटिंग भारतात करायचं होतं पण आपल्या सरकारला स्क्रिप्ट बघायची होती, करांचंही जमलं नाही, म्हणून लाहोरला केलं.

बाबांचा जन्म लोंढ्याच्या रेल्वे क्वार्टर्समधला. आजोबा इंजिनवर फायरमन, कॅसलरॉकपर्यंत जायचे, कोळसा टाकून टाकून हात काळे कुळकुळीत. आणि शेजारी अँग्लो-इंडियन ड्रायव्हरचं घर. त्यामुळे पिक्चर सुरू झाल्यापासून बाबा खुर्चीच्या टोकावर. स्टेशनचा, गर्दीचा, इंजिनाचा सीन आला की माझा हात दाबून सांगायचे बघ, हे बरोबर आहे, असंच असायचं. लाहोरचं खरं स्टेशन आणि खरी माणसं असल्याने ते बरोबरच असणार. पण व्हिक्टोरियाच्या घरातले सीन आले की गप्प.

चर्चेत बाबा सहसा बोलत नाहीत, त्या दिवशी उठून उभे राहिले. म्हणाले, "आमच्या शेजारच्या घरात पाच पोरं हुती. एक पोरगी माझ्यापेक्षा काळी आणि तिचा सख्खा भाऊ गोरापान, डोळे घारे. घरात इंग्रजी, दारात आलं की कानडी, माझ्या आईशी मराठी. आईने पुरणपोळी दिली की नाताळला केक यायचा. ती काळी पोरगी पियानो वाजवायची, आम्ही खिडकीखाली बसून ऐकायचो. ही बाई सुंदर हाय, काम पण चांगलं केलंय, माझं काई म्हणणं न्हाई. पण लोंढ्याच्या त्या पोरींतली एक तरी ह्यात हुती का हो?" मग बसले. आणि परत उठून म्हणाले, "ते सगळे ऑस्ट्रेलियाला गेले. निरोप घ्यायला मी स्टेशनवर हुतो." चाळीस वर्षांत हे मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. आईलाही माहीत नव्हतं.

सरांनी त्याच्यावर लगेच भाषण नाही ठोकलं हे मला फार आवडलं. जरा थांबून फक्त एवढं सांगितलं की ह्याच अ‍ॅव्हा गार्डनरने पाच वर्षं आधी, १९५१ ला, शो बोट नावाच्या पिक्चरमध्ये पण मिश्र रक्ताच्या मुलीचं काम केलं होतं, आणि त्याच स्टुडिओत लीना हॉर्न ही काळी गायिका-नटी पगारावर होती, तिला ते काम हवं होतं, मिळालं नाही. लीना हॉर्नची गाणी म्हणे पिक्चरमध्ये अशी वेगळी शूट करायचे की दक्षिणेकडच्या थेटरांत तेवढा तुकडा कापून टाकला तरी गोष्टीला काही होऊ नये. कुणीतरी विचारलं की मग अ‍ॅव्हाचा दोष काय. सर म्हणाले दोष तिच्यावर टाकायचाच नाहीये, त्या दोघी एकमेकींच्या मैत्रिणी होत्या.

पाचवा कार्मेन जोन्स, १९५४. सगळेच्या सगळे नट काळे, रंगीत, गाणी जोरात, बघायला सगळ्यात मजा ह्याचीच आली. डोरोथी डँड्रिज काय दिसते आणि काय चालते! मुख्य अभिनेत्रीच्या ऑस्करला नामांकन मिळालेली ती पहिली काळी बाई, बक्षीस ग्रेस केलीला गेलं. आपल्याला प्लेबॅकची सवय म्हणून काही वाटत नाही, पण डँड्रिज स्वतः गायिका असून तिचा गाण्याचा आवाज मॅरिलिन हॉर्न ह्या गोऱ्या मुलीचा आहे, आणि हॅरी बेलाफॉन्टे, ज्याची गाणी नंतर जगाने डोक्यावर घेतली, त्याचाही आवाज दुसऱ्याचा. ऑपेराचे सूर होते म्हणून असं केलं हे कळतं, तरी मनात राहतं. इथे एक तक्रार, सरांचे स्पीकर मोठ्या आवाजाला फाटतात, ह्या पिक्चरला ते फार जाणवलं, वर्गणी काढायला आम्ही तयार आहोत असं सांगून आलोय.

सहावा इमिटेशन ऑफ लाइफ, १९५९. ह्याच्याबद्दल नीट लिहिता येईल का माहीत नाही पण लिहिते. एक काळी बाई ॲनी, एका गोऱ्या नटीच्या घरी कामाला, आणि तिची मुलगी सारा जेन इतकी उजळ की गोरी म्हणून खपते. ती आईला नाकारत जाते. शेवटी पळून जाऊन नाचणाऱ्या मुलींत काम करते, आई शोधत तिथे पोचते, आणि हॉटेलच्या खोलीत दुसरी मुलगी आल्यावर आई स्वतःच अशी वागते की मी हिची आई नाही, हिला लहानपणी सांभाळणारी बाई. आईचं काम केलंय वॉनिटा मूरने, ती काळी. मुलीचं काम केलंय सुझन कोनरने, आई मेक्सिकोची, वडील युरोपातले ज्यू, म्हणजे काळी नाहीच. दोघींना नामांकन मिळालं. गंमत नव्हे, दुःख वाटावं अशी गोष्ट ही की १९३४ ला हीच गोष्ट आधी आली होती तेव्हा त्या मुलीचं काम फ्रेडी वॉशिंग्टनने केलं होतं आणि ती खरंच काळ्या समाजातली होती. पंचवीस वर्षांनी पुढे जायचं तर मागे गेले.

आणि मग सरांनी मर्ल ओबेरॉनची गोष्ट सांगितली. १९११ ला आपल्या मुंबईत जन्मलेली अँग्लो-इंडियन मुलगी. इंग्लंडला गेली, नटी झाली, हॉलिवूडची स्टार झाली, १९३५ च्या एका पिक्चरसाठी ऑस्करचं नामांकन, १९३९ ला वदरिंग हाइट्समध्ये इंग्लंडच्या माळरानावरची नायिका. जन्म कुठला विचारलं तर ऑस्ट्रेलियातलं टास्मानिया सांगायची. जन्मभर. ज्या सावळ्या बाईने तिला आई म्हणून वाढवलं, ती खरी आजी होती हे नंतर बाहेर आलं, त्या बाईची ओळख ती लोकांना घरातली नोकर म्हणून करून द्यायची असं सांगतात. १९७९ ला वारली तेव्हाही जगाला मुंबई माहीत नव्हती. म्हणजे पिक्चरमधली ती हॉटेलची खोली खरीच कुठेतरी होती. गोऱ्या नट्या रंग लावून उघडपणे हिंदुस्थानी होत होत्या, त्याचं कौतुक होत होतं, आणि खरी मुंबईची मुलगी पकडली जाईन म्हणून पावडर लावून बसलेली.

माझं स्वतःचं सांगते. पुण्यात नोकरीला असताना पहिली तीन वर्षं मी बेळगावची मराठी बोलत नव्हते. एकदा पहिल्याच आठवड्यात ऑफिसात "काय करलालीस" तोंडातून गेलं आणि दिवसभर सगळे तेच म्हणून दाखवत होते, सिरियलमधल्या गावंढळ पात्राच्या आवाजात. आमची बोली त्यांनी सिरियलमध्येच ऐकलेली, तीही आमच्याकडच्या माणसाच्या तोंडून नव्हे. त्यानंतर आईचा फोन आला की मी जिन्यात जाऊन बोलायची. आई एकदा रूमवर राहायला आली तेव्हा मी तिला म्हटलं की मैत्रिणींसमोर जास्त बोलू नकोस, त्यांना आपलं कळत नाही. ती चार दिवस राहिली आणि हसून मान हलवत राहिली. हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. त्या माडीवर पिक्चर संपून दिवे लागले, शेवटच्या गाण्यातला महालिया जॅक्सन ह्या गायिकेचा आवाज अजून कानात, आणि मला खुर्चीवरून उठताच येईना.

घरी येऊन आईला गोष्ट सांगितली. आई गुडघ्यांमुळे येत नाही, जिना चढवत नाही. भाकरी थापता थापता तिने सगळी ऐकली आणि म्हणाली, "तू जिन्यात जाऊन बोलायचीस ते मला कळायचं गे. आवाज घुमायचा की." मग म्हणाली भाकरी गरम आहे तोवर बस. मी बसले.

सातवा गेस हूज कमिंग टू डिनर, १९६७. जावयाच्या कामात सिडनी पॉइटिए, काळा नट. ह्या पिक्चरवर कॉलेजची पोरं सरांशी खूप भांडली आणि मला त्यांचं पटलं. जावई काळा आहे, पण तो जगप्रसिद्ध डॉक्टर, देखणा, सभ्य, अगदी काहीच खोट नाही, आणि एवढं सगळं असूनही गोऱ्या बापाने दिवसभर विचार करायचा आणि शेवटी हो म्हणायचं. साधा कारकून असता तर? खानापूरकडचा एक मुलगा म्हणाला, आमच्याकडे जातीबाहेर लग्न करायचं असेल तर मुलाला आधी कलेक्टरच व्हावं लागतं. पण सरांचंही एक म्हणणं बरोबर होतं, की शूटिंग चालू होतं तेव्हा अमेरिकेच्या सोळा-सतरा राज्यांत असं लग्न हा गुन्हा होता, सुप्रीम कोर्टाने ते कायदे रद्द केले १२ जून १९६७ ला, आणि बापाचं काम केलेला स्पेन्सर ट्रेसी त्याच्या दोनच दिवस आधी वारला होता. पॉइटिएला मुख्य नटाचं ऑस्कर मिळून तेव्हा तीन वर्षं झाली होती आणि त्याच १९६७ ला त्याचे तीन पिक्चर आले. एकट्या माणसाच्या खांद्यावर सगळ्यांची इभ्रत दिल्यावर त्याने चुकायचं कधी, असं मला वाटत राहिलं.

शेवटचा सॉल्ट ऑफ द अर्थ, १९५४. हा कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून हॉलिवूडमधून बाहेर काढलेल्या, काळ्या यादीत टाकलेल्या लोकांनी बनवलेला. न्यू मेक्सिकोत जस्ताच्या खाणीत मेक्सिकन वंशाच्या कामगारांचा खरा संप झाला होता, १९५० ते ५२, आणि कोर्टाने कामगारांना गेटवर उभं राहायला बंदी केल्यावर त्यांच्या बायका जाऊन उभ्या राहिल्या. पिक्चरमध्ये बरीचशी माणसं तीच, खरे खाणकामगार आणि खऱ्या त्यांच्या बायका, नायक तर युनियनचाच पुढारी हुआन चाकोन. नायिका रोसाउरा रेव्हुएल्तास मेक्सिकोची नटी, शूटिंग संपायच्या आत तिला पासपोर्टचं कारण काढून पकडलं आणि परत पाठवलं. पिक्चर मोजक्याच थेटरांत लागला. रंग नाही, झगमग नाही, काही काही लोक सरळ पाठ केल्यासारखं बोलतात. पण आठ आठवड्यांत पहिल्यांदा असं झालं की सरांचा तो प्रश्न मला आठवलाच नाही, पडद्यावर ज्याचं काम तोच होता.

त्या दिवशी निपाणीहून एक आज्जी आल्या होत्या, सरांच्या ओळखीच्या कुणाच्या तरी आई, आयुष्य तंबाखूच्या वखारीत गेलेलं. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, सबटायटल नुसते इंग्रजीच असतात, ही ह्या सगळ्याची मोठी उणीव आहे, सर मध्ये मध्ये थांबवून मराठीत सांगतात पण ते सगळंच सांगता येत नाही. तरी ह्या पिक्चरला आज्जींना काही सांगावं लागलं नाही. बायका गेटवर गेल्या आणि घरी नवरा दोरीवर कपडे वाळत घालायला लागला, तेव्हा त्या इतक्या हसल्या की खोकला लागला, पाणी आणून द्यावं लागलं. नंतर त्यांनी एकच विचारलं, "त्या जेलात गेल्या तवा ल्हान पोरं संगं नेली ते बघितलं. आम्ही पण नेल्ती. पण पोरांच्या दुधाचं त्यांनी काय केलं?" त्या पिक्चरमध्ये बायका तुरुंगात पोरांसाठी दूध द्या म्हणून ओरडतात, आज्जींना तो आवाज कळला होता, शब्द कळले नव्हते. सरांनी सीन परत लावून दाखवला. आज्जी म्हणाल्या, आँ, हेच.

आता तक्रारी एकदम सांगून टाकते. जिना फार उभा आहे आणि कठडा हलतो, वयस्कर माणसांना हात धरून न्यावं लागतं. चर्चा लांबते, खानापूरच्या पोरांची दोनदा शेवटची बस चुकली, सरांनी वेळ पाळायला पाहिजे. सबटायटलचं वर लिहिलंच. आणि मालिकेत एकही काऊबॉय पिक्चर नव्हता हे मला खटकलं, बाबांसारख्या माणसांनी ज्या पिक्चरमध्ये रेड इंडियन म्हणून बघितलेले लोक होते ते कोण होते हे कळायला नको? सरांना विचारलं तर म्हणाले, द सर्चर्समधला कोमांची सरदार जर्मनीत जन्मलेला नट आहे आणि त्याच्या मागचे घोडेस्वार नवाहो लोक, दुसऱ्याच जमातीचे. बाबांना हे पटवून घ्यायला दोन दिवस लागले. वेस्ट साइड स्टोरी पण नव्हता, ज्याच्यात पोर्तो रिकोच्या मुलीचं काम करणारी रिटा मोरेनो स्वतः तिथलीच असूनही तिला बाकीच्यांसारखाच गडद रंग फासला होता. पुढच्या वेळी दोन्ही घेतो म्हणालेत.

पाचपैकी साडेचार, अर्धा त्या स्पीकरसाठी कापला. जून ते सप्टेंबर बंद असतं कारण पावसात कौलं गळतात, प्रोजेक्टर भिजतो. पुढची मालिका दिवाळीनंतर. ज्यांना जिना जमत नाही त्यांच्यासाठी खाली ओसरीवर टीव्हीला जोडून तोच पिक्चर लावायचा विचार आहे, सरांच्या आई पण तिथेच बसतील. आईला हे सांगितलं तर म्हणाली, नवे कुठले लावायचे ते लावू देत, मला आधी त्या कामवाल्या बाईचा आणि तिच्या पोरीचा दाखवा म्हणावं. सरांना तसा निरोप दिलाय.